रिगमरोल : एका भेंडोळ्यातून निघालेला शब्द

साधा प्रश्न विचारावा आणि उत्तराऐवजी भलतीच हकीकत ऐकावी लागावी, हा अनुभव बहुतेकांच्या गाठीशी असतो. ‘काल का आला नाहीस?’ एवढेच आपण विचारलेले असते. उत्तराची सुरुवात होते ती मामेबहिणीच्या सासरपासून. मग तिच्या दिराची नोकरी, त्याच्या गावाची बंद पडलेली एस.टी., त्या रस्त्यावरचा खचलेला पूल, पुलाच्या ठेकेदाराचे नवे घर असे करत करत पाऊण तास जातो आणि समोरचा माणूस काल का आला नाही, हे आपल्याला कळायचे राहूनच जाते. त्याचे प्रत्येक वाक्य स्वच्छ मराठीत असते आणि त्यातला कोणताही शब्द अडत नाही, तरीही सगळे ऐकून झाल्यावर हाती काही लागत नाही. अशा बोलण्याला इंग्रजीत ‘रिगमरोल’ म्हणतात.

निरर्थक किंवा गोंधळाच्या बोलण्यासाठी इंग्रजीत शब्दांची उणीव नाही, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘जिबरिश’ म्हणजे ज्यातले शब्दच कळत नाहीत असे बोलणे. तापात बरळणाऱ्या माणसाचे असते तसे. ‘गॉबलडीगूक’ हा त्या मानाने अगदी अलीकडचा शब्द. अमेरिकेतील टेक्सासचे राजकारणी मॉरी मॅव्हरिक यांनी १९४४ साली आपल्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या एका टिपणात तो वापरला. कचेरीतील फुगवलेल्या, बोजड भाषेला नाव देताना आपल्या मनात टेक्सासमधला ऐटीत चालत आवाज काढणारा टर्की पक्ष्याचा नर असावा, असे पुढे त्यांनीच सांगितले. रिगमरोल या दोहोंहून वेगळा आहे. त्यात भाषा अगम्य नसते आणि बोजड असेलच असेही नाही. तुटलेला असतो तो वाक्या-वाक्यांना जोडणारा धागा. एका विधानातून दुसरे निघत नाही, ते केवळ त्याच्या मागे येऊन उभे राहते. हा बारकावा ध्यानात ठेवला, तर या शब्दाचा जन्म जिथे झाला तिथवर जाण्याची वाट सोपी होते, कारण त्या जन्मातही असाच एक प्रकार दडलेला आहे.

रिगमरोलची व्युत्पत्ती सांगताना अनेक जण स्कॉटलंडची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखीही आहे, म्हणून आधी तीच पाहू. १२८६ साली स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर वादळी रात्री घोड्यावरून जात असताना पडून मरण पावला. वारस म्हणून उरली ती नॉर्वेत असलेली त्याची लहानगी नात मार्गारेट, आणि तीही १२९० साली स्कॉटलंडकडे येताना ऑर्कनी बेटांवर वारली. गादीवर हक्क सांगणारे तेरा जण पुढे आले. निवाडा करण्यासाठी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला बोलावण्यात आले आणि त्याने जॉन बॅलिओलच्या बाजूने निकाल दिला. मात्र निवाडा करता करता स्कॉटलंडवर आपलेच अधिराज्य आहे, असेही त्याने वदवून घेतले. पुढे बॅलिओलने फ्रान्सशी हातमिळवणी केली, तेव्हा १२९६च्या मार्चमध्ये एडवर्डने सरहद्दीवरचे बेरिक शहर लुटले, एप्रिलमध्ये डनबारला स्कॉट सैन्याचा पराभव केला आणि जुलैत बॅलिओलला गादी सोडायला लावली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बेरिक येथे सभा भरवून त्याने स्कॉटलंडचे सरदार, जमीनदार, धर्मगुरू आणि नगरांचे प्रतिनिधी यांच्याकडून निष्ठेच्या शपथा लिहून घेतल्या. त्या शपथांची जी नोंद झाली, तिचे नाव ‘रॅगमन रोल’.

या नोंदीचे रूप डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढचे समजणार नाही. त्या काळी महत्त्वाचा मजकूर चर्मपत्रावर, म्हणजे मेंढीच्या ताणून वाळवलेल्या कातड्यावर लिहीत. शपथेच्या या गुंडाळीत अशा चर्मपत्राचे ३५ तुकडे एकाखाली एक शिवलेले आहेत आणि त्यांवर त्या काळच्या दरबारी फ्रेंच भाषेत सुमारे २००० नावे नोंदलेली आहेत. पुढे स्कॉटलंडचा राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसचे नाव त्यात आहे, त्याच्या वडिलांचेही आहे. पुढे इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या विल्यम वॉलेसचे मात्र नाही. शपथेचा मजकूर जवळजवळ तोच, बदलतात ती माणसे आणि गावे. भेंडोळे उलगडत जावे तसतसे तेच शब्द पुन्हा पुन्हा समोर येत राहतात. राजाच्या दृष्टीने यातले एकेक नाव मोलाचे होते, कारण उद्या कोणी उलटला तर त्याच्यावर ठेवायचा आरोप या कागदावर तयार होता. ज्याला त्या नावांशी कर्तव्य नाही, अशा ऐकणाऱ्याला मात्र हे वाचन किती कंटाळवाणे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

मूळ शपथपत्रांना मोहरा होत्या. आपल्याकडे शिवकालीन पत्रावर माथ्याला मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब शाईने उमटवीत, आणि ‘शिक्कामोर्तब होणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच मराठीत राहिला. युरोपातील रीत निराळी होती. चर्मपत्राच्या खालच्या कडेला चिरा पाडून त्यांतून कातड्याच्या अरुंद पट्ट्या ओवत, पट्टीच्या टोकाला गरम मेणाचा गोळा लावत आणि त्यावर मोहर दाबत. त्यामुळे मोहर कागदावर न उमटता कागदापासून लोंबत राहत असे. एका पत्रावर एकाच माणसाची मोहर असेल तर ते नीटस दिसते. पण वीस-पंचवीस जणांनी मिळून पत्र केले असेल, तर त्याची खालची कड लोंबत्या पट्ट्यांनी झालरीसारखी, किंवा स्पष्टच सांगायचे तर लक्तरासारखी दिसू लागते. उत्तर इंग्लंडमधील लॅनरकॉस्टच्या मठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत या स्कॉटिश शपथपत्राचा उल्लेख आहे आणि पुष्कळ लोंबत्या मोहरांमुळे स्कॉट लोक त्याला रॅगमन म्हणत, असे तिथे सांगितले आहे.

एवढे वाचून गोष्ट पूर्ण झाली असे वाटते. लांबलचक, कंटाळवाणी, तेच ते सांगणारी गुंडाळी होती, तिचे नाव रॅगमन रोल होते, आणि त्याचा अपभ्रंश रिगमरोल झाला. मला ही मांडणी पुरेशी वाटत नाही, आणि त्याचे कारण सालांमध्ये आहे. रॅगमन हे नाव बेरिकच्या सभेच्या वीस वर्षे आधीपासून इंग्लंडात वापरात होते. धर्मयुद्धावरून परतल्यावर १२७४ साली एडवर्डने देशभर चौकशी लावली. राजाच्या हक्काच्या जमिनी कोणी बळकावल्या, कोणत्या अधिकाऱ्याने लाच खाल्ली, कोणी लोकांना नाडले, हे आपल्या परगण्यासारख्या असलेल्या ‘हंड्रेड’ नावाच्या विभागांतून पंच नेमून विचारण्यात आले. पंचांनी आपापल्या जबान्या चर्मपत्रावर उतरवून त्यांना मोहरा लावल्या. या लोंबत्या मोहरांच्या गुंडाळ्यांनाही रॅगमन म्हणत, आणि त्यांच्या पाठोपाठ १२७६ साली जो कायदा झाला, त्याचे नावच ‘रॅगमनचा कायदा’ असे पडले. तेव्हा हे नाव स्कॉटलंडच्या गुंडाळीत जन्मलेले नाही. ते इंग्लंडात आधीच रुळलेले होते आणि बेरिकच्या कागदांना नंतर चिकटले.

आणखी एक कथा स्कॉटलंडमध्ये पूर्वी सांगितली जाई. १२७४ साली धर्मयुद्धाच्या खर्चासाठी चर्चच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा गोळा करायला पोपने बॅजिमंड नावाचा वसुली अधिकारी स्कॉटलंडला पाठवला होता. त्याने केलेल्या आकारणीची यादी ‘बॅजिमंडची गुंडाळी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या नावातील पहिले अक्षर बदलून रॅगमन झाले, असे काही जुन्या अभ्यासकांचे म्हणणे होते. पण इंग्लंडच्या गावोगावच्या पंचांच्या जबान्यांना स्कॉटलंडमधल्या पोपच्या वसुलदाराचे नाव कशासाठी पडावे, याचे उत्तर या तर्काजवळ नाही. दोन नावे कानाला सारखी लागली म्हणून त्यांचे नाते जोडायचे नसते. व्युत्पत्ती लावताना उच्चार, अर्थ आणि काळ ही तिन्ही जुळावी लागतात.

तिन्ही बाजूंनी सर्वांत जवळ बसणारा धागा वेगळ्याच ठिकाणी सापडतो; तो राजाच्या दफ्तरात नसून एका खेळात आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात ‘डिग्बी ८६’ या नावाने ओळखली जाणारी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हस्तलिखित वही आहे. कोणा एका घरातल्या माणसाने आपल्या उपयोगाचे आणि करमणुकीचे तिच्यात बरेच काही उतरवून ठेवले आहे. त्यातच इंग्लंडमधील फ्रेंच बोलीत लिहिलेली छोट्या कडव्यांची एक माळ आहे आणि तिचे शीर्षक आहे ‘रॅगमाँ ल बाँ’, म्हणजे ‘भला रॅगमन’. ही कडवी सलग वाचायची कविता नव्हे. तो एका बैठ्या खेळाचा मजकूर आहे.

खेळ असा खेळत. लांब चर्मपत्रावर एकाखाली एक कडवी लिहिलेली असत आणि प्रत्येक कडव्यात एका स्वभावाचे किंवा नशिबाचे वर्णन असे. प्रत्येक कडव्याजवळून एक दोरा काढून त्याच्या टोकाला मोहर किंवा तत्सम काही बांधत. मग चर्मपत्र गुंडाळायचे, म्हणजे मजकूर आत झाकला जाई आणि बाहेर फक्त दोऱ्यांचा झुबका लोंबत राही. जमलेल्यांपैकी प्रत्येकाने एकेक दोरा धरायचा. गुंडाळी उलगडली की ज्याच्या हाती जो दोरा आला, त्याच्या नावाने ते कडवे मोठ्याने वाचले जाई. एखाद्याच्या वाट्याला सुख, संपत्ती आणि प्रेमळ पत्नी येई. त्याच्या शेजाऱ्याच्या वाट्याला फजिती येई आणि सगळी बैठक हसे. पंधराव्या शतकात याच धर्तीची इंग्रजी कडवीही रचली गेली.

आता ही गुंडाळी खेळ बाजूला ठेवून वरपासून खालपर्यंत सलग वाचली, तर काय होईल? पहिले कडवे कोणाला आशीर्वाद देते, दुसरे कोणाला शिव्या घालते, तिसऱ्यात नशीब फळफळते, चौथ्यात पुन्हा नालस्ती. प्रत्येक कडवे आपापल्या जागी समजते. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. सुरुवातीला म्हटलेला बारकावा इथे जसाच्या तसा भेटतो. ज्याची वाक्ये कळतात पण धागा सापडत नाही, ते रिगमरोल. आणि रॅगमनच्या खेळातील गुंडाळीची रचनाच मुळी अशी होती की कडव्यांना जोडणारा धागा असू नये, कारण कोणाच्या हाती काय येईल हे आधी कळले तर खेळाची गंमतच संपली असती. म्हणून अर्थाच्या दृष्टीने मला हा खेळ रिगमरोलचा अधिक जवळचा पूर्वज वाटतो, आणि आजचे कोशकारही बहुधा याच बाजूला झुकतात. सरकारी गुंडाळ्या आणि खेळाची गुंडाळी यांना एकच नाव का मिळाले, हे दोन्हींचे लोंबते दोरे डोळ्यांपुढे आणले की सहज पटते.

चौदाव्या शतकात हे नाव सामान्य माणसाच्या तोंडी किती बसले होते, याची साक्ष विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्यात मिळते. त्यात पापाच्या माफीची पत्रे विकणारा एक धूर्त धर्मोपदेशक येतो. बिशपच्या मोहरा लोंबणारे मोठे पत्र तो लोकांपुढे नाचवतो, भोळी माणसे गुडघे टेकून त्या पत्राची चुंबने घेतात, तो ते पत्र त्यांच्या तोंडावर आपटून त्यांचे डोळे दिपवतो आणि त्याच ‘रॅगमन’च्या जोरावर त्यांच्या अंगठ्या आणि ब्रोच उकळतो. ऐकणाऱ्यांना पत्रातले अक्षरही वाचता येत नसे. त्यांना दिसत त्या फक्त लोंबत्या मोहरा. मजकूर किती मोठा आहे आणि त्याला किती मोहरा आहेत यावर लोक भाळतात आणि त्यात लिहिले काय आहे हे विचारायचे राहून जाते, हे लँगलंडने इतक्या लवकर पकडले होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

सोळाव्या शतकात अर्थ आणखी सरकला. आता ‘रॅगमन रोल’ म्हणजे विशिष्ट कागद किंवा विशिष्ट खेळ असे न राहता कोणतीही लांबलचक यादी असा अर्थ झाला. १५२३ साली छापलेल्या जॉन स्केल्टन या कवीच्या एका काव्यात तो या अर्थाने आला आहे. पुढे खेळही मागे पडला आणि मोहरा लोंबवण्याची रीतही रोजच्या व्यवहारातून उठली. वस्तूच डोळ्यांआड झाल्यावर तिच्या नावातील ‘रॅगमन’ म्हणजे काय, हे सांगणारा कोणी उरला नाही.

अर्थ सुटलेला शब्द लोकांच्या तोंडी गेला की त्याचा उच्चार सैल होतो आणि मग कान त्यात ओळखीचे काहीतरी शोधू लागतो. मराठीत याचे चांगले उदाहरण मांजरपाट हे आहे. जाड्याभरड्या सुती कापडाचे ‘मादरपाट’ हे नाव अपरिचित वाटले, म्हणून बोलणाऱ्यांनी त्यात मांजर आणून बसवले; त्या कापडाचा मांजराशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजी ‘प्लॅटफॉर्म’चा फलाट झाला तोही अशाच सैल उच्चारातून. रॅगमन रोलचे इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील केंट परगण्यात असेच झाले. तिथल्या सॅम्युअल पेग नावाच्या पाद्र्याने १७३६च्या सुमारास आपल्या भागातले बोलीतले शब्द टिपून ठेवले; त्यांत ‘रिग-माय-रोल’ असा शब्द आहे आणि अर्थ आहे लांबलेली, भरकटलेली हकीकत. मधले ‘मन’ जाऊन तिथे इंग्रजीत ‘माझा’ असा अर्थ असलेले ‘माय’ आले, आणि पुढे तेही झिजून ‘म’ उरले. शेवटचा ‘रोल’ तेवढा शाबूत राहिला. म्हणजे आज हा शब्द उच्चारणारा माणूस नकळत एका गुंडाळीचे नाव घेत असतो.

बोलीतून हा शब्द लवकरच साहित्यात आला. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या बायरनच्या ‘डॉन जुअन’ या काव्याच्या पहिल्या सर्गात पत्नीच्या शयनगृहाची झडती घेऊन बसलेला एक नवरा मग आडवळणाने माफी मागू लागतो. त्याच्या त्या भाषणाला बायरन विद्वानांच्या नावाने रिगमरोल म्हणतो. केंटच्या खेड्यातला शब्द ऐंशीएक वर्षांत किती दूर पोहोचला होता, हे यावरून कळते. अमेरिकेत या शब्दात आणखी एक स्वर शिरून ‘रिगामरोल’ असेही म्हणतात आणि लिहितात.

विसाव्या शतकात या शब्दाला दुसरा अर्थ फुटला आणि आज तोच अधिक ऐकू येतो. बोलण्यातला फाफटपसारा हा अर्थ कामातल्या फाफटपसाऱ्यावर गेला. एका दाखल्यासाठी तीन खिडक्या, प्रत्येक खिडकीवर वेगळा अर्ज, अर्जासोबत त्याच दाखल्याची जुनी प्रत, आणि शेवटी सही करणारे साहेब दौऱ्यावर, अशा कामाला इंग्रजी बोलणारा माणूस वैतागून रिगमरोल म्हणतो. अर्थाची ही उडी अनाकलनीय नाही. तुटक विधानांच्या माळेसारखीच ही तुटक पायऱ्यांची माळ असते. प्रत्येक पायरीला काही ना काही कारण सांगता येते, पण सगळ्या मिळून माणसाला त्याच्या कामापर्यंत पोहोचवत नाहीत.

भाषांतर करताना या दोन अर्थांमुळेच अडचण येते, कारण मराठीत दोन्हींसाठी एकच शब्द चालत नाही. कामाच्या अर्थासाठी आपल्याकडे ‘द्राविडी प्राणायाम’ आहे. नाक थेट धरायचे सोडून डोक्यामागून हात फिरवून धरण्याची ती कल्पना इथे चपखल बसते. नुसती रीतभात सांगायची असेल आणि त्रागा दाखवायचा नसेल, तर ‘सोपस्कार’ पुरतो. बोलण्याच्या अर्थासाठी पर्याय बरेच आहेत. ‘पाल्हाळ’ लांबी दाखवतो, पण पाल्हाळात विषय सुटतोच असे नाही. ‘गुऱ्हाळ’ हे बहुधा अनेकांनी मिळून चालवलेल्या, रात्रंदिवस पेटत्या चुलाणासारख्या न संपणाऱ्या चर्चेला शोभते. ‘बडबड’ आणि ‘वटवट’ यांत बोलण्याचा कंटाळा आहे, पण हकीकतीचा आकार नाही. मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘चऱ्हाट’. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, आणि एखाद्याने चऱ्हाट लावले किंवा वळायला घेतले असे आपण म्हणतो, तेव्हा बोलणाऱ्याच्या हातून दोर लांबतच चालला आहे आणि त्याचे टोक काही दिसत नाही, हेच चित्र मनात असते. इंग्रजांनी हे नाव गुंडाळीवरून घेतले, आपण दोरावरून. ‘काल का आला नाहीस’ या प्रश्नाला मामेबहिणीच्या सासरपासून सुरू झालेले ते उत्तर इंग्रजीत रिगमरोल असेल, तर मराठीत त्याला मी चऱ्हाटच म्हणेन; आणि दाखल्यासाठी तीन खिडक्या फिरून आलेल्या माणसाच्या तोंडी मात्र द्राविडी प्राणायाम घालीन.